थ्री मोहिते आणि बापूजींचा प्रोग्राम

१ जानेवारी १९९८
नवी डायरी. संकल्प: रोज लिहिणे. यंदा आमच्या ‘थ्री मोहिते’ ग्रुपची (मी विश्वंभर, बहीण नलिनी, धाकटा मयंक) पॉप कॅसेट निघणार. आई म्हणाली, ते पॉपबिप नंतर, आधी दळण आण. घरात कलावंताची कदर नसतेच.

४ मार्च १९९९
मध्यंतरी डायरी सापडत नव्हती. कॅसेट निघाली. दोनशे काढल्या. एकशे एक्क्याण्णव पलंगाखाली आहेत. पब्लिकची तयारी होईपर्यंत थांबायचं.

९ ऑगस्ट २००४
आता रीमिक्सचा जमाना. आमच्याच गाण्याचं रीमिक्स केलं. मयंक म्हणाला, मूळ गाणंच कुणी ऐकलेलं नाही, मग रीमिक्स कसलं? टेक्निकल मुद्दा आहे. केस सोनेरी केले. फक्त पुढचे.

१८ ऑक्टोबर २०१२
बडोद्यातल्या कारेलीबागेत सोसायटीच्या गरब्यात रॉक फ्यूजन केलं. मधेच मी सात मिनिटांचा स्लो पार्ट टाकला. सगळे नाचायचे थांबले. मंत्रमुग्ध! तेवढ्यात लाइट गेले. सेक्रेटरी कुशलभाई म्हणाले, गेले नाहीत, मी घालवले.

६ जानेवारी २०२५
आता रील. चौदा व्ह्यूज, त्यातले अकरा माझे. रविवारी रियाझ ठेवला तर नलिनीला चार ते सहा काम असतं. मयंकलाही नेमकं चार ते सहा. योगायोग. पण ग्रुप फुटू द्यायचा नाही. त्रेपन्नाव्या वर्षी एकट्याने हार्मनी होत नाही, करून पाहिली.

११ फेब्रुवारी, सकाळी १०.२०
मयंकचा मोबाइल इथे चार्जिंगला राहिला होता. वाजला, मी उचलला. सयाजीगंजचे कोणी शेठ. म्हणाले, बापूजी ऑफ थई गया, गुरुवारे प्रोग्राम छे, मोहितेवाळाने ज बोलाववाना छे. म्हणजे आम्हालाच बोलवायचंय! ऑफ म्हणजे रिटायर झाले असणार. सगळे पांढऱ्या कपड्यांत येणार. व्हाइट थीम! गाद्यांवर बसून ऐकणार. अनप्लग्ड! मी लगेच हो म्हटलं.

दुपारी
नलिनीला सांगितलं. म्हणाली, दादा, तू नको येऊस, ऊन फार असतं. मयंकही तेच म्हणाला. स्टेजची भीती बसलीय दोघांना. मी म्हटलं, मी नसेन तर थ्री कसे होणार?

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
चंदेरी जॅकेट घातलं होतं. माइक घेऊन ओरडलो, केम छो बडोदा! समोर बापूजींचा फोटो, फोटोला हार. रिटायरमेंटला हार घालतात, पण सहसा माणसाला. नलिनीने बाही ओढली. म्हणाली, दादा, बेसणुं आहे हे, शोकसभा. गप खाली बस.

बसलो. तेवढ्यात हॉलचे मॅनेजर नलिनीच्या कानाशी येऊन म्हणाले, बेन, दर वखते तो तमे बे ज आवो छो, आ त्रीजा कोण?

दर वखते! म्हणजे दर वेळी फक्त ही दोघं! चार वर्षं दोघं बेसण्यांत भजनं गातायत. कार्डसुद्धा आहे: मोहिते भजन मंडळ. मला का नाही सांगितलं, विचारलं. मयंक म्हणाला, दादा, तू तिथेही लोकांना हात वर करायला लावले असतेस.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जॅकेट उलटं करून घातलं, अस्तर पांढरं आहे. शेवटच्या भजनात न राहवून हळूच खालचा सूर धरला. नलिनीने वळून पाहिलं. मला वाटलं, आता चिमटा काढणार. तिने तेच कडवं पुन्हा घेतलं.

१५ फेब्रुवारी
दोघं घरी आली. मला घेतायत. अटी: माइक नाही, जॅकेट नाही, केम छो नाही, स्लो पार्ट नाही. (सगळंच स्लो असतं, हे मी दाखवून दिलं नाही.) मला झांजा मिळाल्या.

उद्या सावली गावात बेसणुं. चार ते सहा. संकल्प: वन्स मोर आलाच, तर आधी नलिनीला विचारणे.