तारेचा क्रम

कार्तिक शु. ९, शके १८६०
स्टेशनमास्तर केशवराव आले. स्टेशनात तार एकच. गाड्यांचे व सरकारचे निरोप प्रथम, हे निर्विवाद. तंटा उरलेल्या वेळाचा. कापसाचा हंगाम, अडत्यांचे भाव दिवसभर तार अडवून धरतात. काल एका मृत्यूचा निरोप त्या भावांमागे पडून राहिला. मुलगा अंत्यविधीस पोहोचू शकला नाही.
"गुरुजी, तुम्ही तटस्थ. क्रम लावून द्या."
लावून दिला: गाड्या व सरकार, नंतर मृत्यू व आजार, नंतर बाकीचे. एकही शब्द सैल ठेवला नाही.

कार्तिक शु. १३
व्यवस्था उत्तम चालली आहे. सौ. ला थोडा ताप.

कार्तिक व. २
ताप हटत नाही. वैद्यबुवांकडे जाताना अडत्या मोतीलाल भेटला.
"गुरुजी, मावशी लय बिमार हाय. सकाळधरनं तीनदा तार केली."
"आता कशी आहे?"
"दुपारी उठून बसली होती. आता पुन्हा पडायलीय." हसत गेला.
उलगडा केशवरावांनी केला. मावशी म्हणजे कापूस; ती पडली म्हणजे भाव पडला. प्रत्येक अडत्याच्या घरी आता कोणीतरी अत्यवस्थ. माणसे खोटे लिहितील, हे माझ्या ध्यानीच...

कार्तिक व. ५
सौ. पहाटेपासून वसंताचे नाव घेत आहे. वैद्यबुवा म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. वसंता हैदराबादेस. तार घेऊन स्टेशनवर गेलो. माझ्यापुढे पाच आजार. चार अडत्यांचे, पाचवा पेडगावच्या राधाबाईचा. ती दाराशी बसलेली. "माझं खरं हाय, गुरुजी. लेकरू हाय."
केशवराव हळूच म्हणाले, "खोटे कोणते ते सांगा. बाजूला ठेवतो. तुमची लगेच जाईल."
अडत्यांच्या चारही तारांकडे बोट केले. तेव्हा मोतीलाल बाकावरून उठला.
"तीन काढा खुशाल. माझी राहू द्या. मावशी खरंच..."
हा मनुष्य तीन दिवसांपूर्वी हसत होता. त्याच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. कळले नाही.
"तीन काढा," मी म्हणालो. "राधाबाई, मोतीलाल, मग मी."
इतक्यात मालगाडीचा निरोप आला. आम्ही तिघेही थांबलो.

कार्तिक व. ६
माझी तार काल दिवेलागणीच्या सुमारास गेली.
सौ. ने विचारले, "कळवलंत ना वसंताला?"
"कळवले."
"लगेच?"
तिची उशी नीट केली.
सकाळी मोतीलाल दारावरून गेला. मावशीची प्रकृती विचारावी म्हणून ओट्यापर्यंत आलो, विचारली नाही. हैदराबादची गाडी दुपारी येते. केशवराव म्हणतात, आज ती वेळेवर आहे.