बाल्कनीत कबुतरं, सबब नापसंत

४ ऑगस्ट
दसऱ्याच्या सुट्टीत दिल्ली. नक्की. मी आणि सुनंदा, दोघंच.

मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लग्नानंतर तिला म्हैसूरला नेलं होतं, तिच्या मावशीकडे उतरलो होतो. सहा दिवस ती मावशीच्या हाताखाली चपात्या लाटत होती. परतताना मी शब्द दिला, पुढच्या खेपेला चांगल्या हॉटेलात उतरू. पुढची खेप आली नाही, त्याला मी काय करणार? ऑफिसची कामं होती.

पण आता साधं हॉटेल नाही. बुटीक हॉटेल. आमची लेक शाल्मली पुण्याला नोकरी करते, तिनं फोनवर समजावून सांगितलं. खोल्या मोजक्या, प्रत्येक खोली निराळी, उगाच झगमगाट नाही. म्हणजे आपल्यासारख्या रसिकांसाठीच.

सुनंदाला अपेक्षा विचारल्या. म्हणाली, बाल्कनी असावी आणि सकाळचा चहा कुणीतरी आयता आणून द्यावा. एवढंच? तर म्हणे एवढंच. मागायचं कसं हे तिला कळतच नाही.

६ ऑगस्ट
जाड वही काढली. अकरा निकष, प्रत्येकी दहा गुण. तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात टेंडरं उघडली आहेत, हॉटेल निवडणं म्हणजे हातचा मळ.

पहिलंच हॉटेल बरं दिसलं. दक्षिण दिल्ली, नऊ खोल्या, बाल्कनी, समोर कडुनिंबाचं झाड. चहा खोलीत आणून देतात. सुनंदानं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, हेच घ्या. मी हसलो. पहिलंच टेंडर कुणी पास करतं का? शिवाय खाली एका बाईनं रिव्ह्यू लिहिलाय, बाल्कनीत कबुतरं येतात.

वहीत शेरा: बाल्कनीत कबुतरं, सबब नापसंत.

२१ ऑगस्ट
तेवीस हॉटेलं तपासली. डोळे गेले.

क्र. ८: जुन्या दिल्लीतली हवेली. लिफ्ट नाही. क्र. १२: बाथरूमला काचेची भिंत! ज्यानं बांधलं त्याचं लग्न झालेलं नसावं. क्र. १७: गुरुग्रामच्या पलीकडे शेतातलं हॉटेल. शेतच बघायचं तर मामांचं खानापूर काय वाईट आहे? क्र. २०: पहाटे पाचला गरम पाणी येतं का, असं फोनवर विचारलं. मुलगी म्हणाली, सर, वी आर अ लक्झरी प्रॉपर्टी. मी तोच प्रश्न तीनदा विचारला, तिनं तेच उत्तर तीनदा दिलं. शून्य गुण.

रेल्वेचं रिझर्वेशन सुनंदानं परस्पर करून टाकलं. ट्रेन पाहिली आणि बुक केली. ना तुलना, ना निकष. ऊन-सावली कुठल्या बाजूला हेसुद्धा पाहिलं नाही.

९ सप्टेंबर
गणपती. आमच्या सगळ्या शहापूरला कळलंय आम्ही दिल्लीला जाणार ते. दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला मी वही दाखवली. परशराम वकील दहा मिनिटं पानं उलटत होते. म्हणाले, हरिभाऊ, बुकिंग कुठल्या पानावर आहे?

प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे, असं सांगितलं. लोकांना धीर नाही.

२४ सप्टेंबर
झालं! क्र. ३१. एकशे दहापैकी सत्त्याण्णव. बाल्कनी आहे, कबुतरांना जाळी आहे, लिफ्ट आहे, भिंती विटांच्या आहेत. बुक केलं. सुनंदा चक्क गुणगुणत होती.

मात्र फोटोंवर विश्वास ठेवणारा मी नव्हे. प्रत्यक्ष पाहणी हवीच. मग एकदम आठवलं, आपला भावकू आहे की दिल्लीत! मामांचा मुलगा, फौजेत सुभेदार, क्वार्टरमध्ये राहतो. त्याला फोन केला, बुकिंगची पावती व्हॉट्सअॅपवर धाडली आणि सांगितलं, रविवारी जाऊन जरा खोली बघून ये, व्हिडिओ काढ. जातो म्हणाला. आवाज जरा बसल्यासारखा वाटला. तिकडची हवा.

सुनंदा गवार निवडत होती. कुणाला फोन केला म्हणून विचारलं. सांगितलं. तिचा हात थांबला. पुन्हा निवडायला लागली. कौतुकाचा एक शब्द नाही.

२९ सप्टेंबर
भावकू गेला होता. युनिफॉर्मवर. काउंटरवरच्या पोराला म्हणे त्यानं सांगितलं की ह्या पाहुण्यांना दिल्लीत घर हाय, आणि पावती दाखवून बुकिंग रद्द करून आला. मॅनेजरनं म्हणे सॅल्यूट ठोकला.

मी ओरडलो. तर माझ्यावरच उलटला. अण्णा, आमी काय मेलो व्हय? हॉटेलात उतरतासा आन् वर मलाच खोली बघाय लावतासा? गावात तोंड कुटं दावू?

यात माझं काय चुकलं, हे अजून कळलेलं नाही. मी फक्त पाहणी करायला सांगितलं होतं.

३० सप्टेंबर
सकाळी मामांचा गावाहून फोन. भावकूच्या दारावरनं हॉटेलात जानार न्हवं? मग मामी. मग भावकूची बायको अक्काताई. ती चिडली असती तर मी निभावून नेलं असतं. तिनं हळूच विचारलं, भावजी, आमचं काय चुकलं वं?

तुमच्याकडेच येतो म्हणालो.

नवा प्लॅन: दोन दिवस भावकूकडे, तिसऱ्या दिवशी हॉटेल, बुकिंग तिकडे पोचल्यावर. दोन्ही पक्ष खूश. सुनंदाला सांगितलं. ती बरं म्हणाली. तिचं हे बरं मला गेल्या पंचवीस वर्षांत कधी आवडलेलं नाही.

१५ ऑक्टोबर, दिल्ली
सामान: दोन बॅगा, कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचे, आठ डबे, अक्काताईसाठी चटणी, भावकूसाठी मामींनी दिलेले पोहे. वही.

क्वार्टर स्वच्छ आहे. पुरुष हॉलमध्ये, बायका आतल्या खोलीत. बाल्कनी आहे, तिच्यात कूलर आणि सायकल. पोचून तासही झाला नसेल, सुनंदा अक्काताईबरोबर चपात्या लाटायला बसली होती. मी पाहिलं. तिनंही पाहिलं की मी पाहिलं.

मला फार वाईट वाटलं. पण परवा हॉटेल आहेच.

१६ ऑक्टोबर
लाल किल्ला पाहिला. परतल्यावर हॉटेलचा विषय काढला. भावकू म्हणाला, येका रात्रीसाठी कशाला अण्णा, आपला टीव्ही मोठा हाय. बाहेर जाऊन क्र. ३१ ला फोन केला, खोली शिल्लक नाही. क्र. २२ चे गुण पुन्हा तपासायला घेतले. घाईत निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही.

सुनंदा आणि अक्काताई आत हळू आवाजात बोलत होत्या. जमलं म्हणायचं दोघींचं.

१७ ऑक्टोबर, सकाळी ११
दोघी पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मेथी आणा म्हणालो. हसल्या.

दुपारी २
शाल्मलीचा फोन. बाबा, आई आणि काकू आज हॉटेलवर राहणार आहेत. उद्या सकाळी येतील, काळजी करू नका. कुठलं हॉटेल, निकष काय लावले, विचारलं. म्हणाली, आईनं काल चार मिनिटांत बुक केलं, तुमच्या वहीतलं पहिलं पान उघडून. आणि अक्काकाकू एकोणीस वर्षं दिल्लीत आहे, गावाकडचं अख्खं खानापूर तिच्याकडे उतरून जेवून गेलं, पण ती स्वतः एकदाही हॉटेलात राहिलेली नाही, तुम्हाला माहीत होतं का?

माहीत नव्हतं. निकषांत बसत नव्हतं ते.

भावकूला सांगितलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, आसं कसं जाईल ती, मला न इचारता? मग म्हणाला, आन् तिला येकदा न्यायचं म्हनून मी कवाधरनं म्हनालतो. कधीपासून, ते मी विचारलं नाही. माझ्या शब्दाची तारीख मला पाठ आहे.

दुपारी ४
फोटो आला. बाल्कनी, कडुनिंब, ट्रे, दोन कप. अक्काताईनं पाय वर घेतलेत. कठड्यावर कबुतर. खाली सुनंदानं लिहिलंय, कबुतरं खरंच येतात हो. चहा छान आहे.

वही काढून पहिल्या पानावरचा शेरा खोडला. नियमाप्रमाणे खोडाखोडीवर सही लागते, तीही केली. खोली दोघांची होती, दोघी राहिल्या. आक्षेप घ्यायला जागा नाही. तो चहा तिला मी द्यायचा होता, एवढंच.

इथला चहा मीच केला. साखर कुठल्या डब्यात असते हे भावकूलाही माहीत नाही. आता साखरेऐवजी कुंदा टाकून पितोय.