घर क्रमांक ३८ मध्ये माणसे राहतात याबाबत

प्रति,
मा. मिळकत अधिकारी,
विभागीय श्रमिक गृहवसाहत कार्यालय,
धुळे.

अर्जदार : सौ. दिपमाला नवल भदाणे, वय ४३, धंदा : शाळेत स्वयंपाकीण, राहणार (वाद याच शब्दाचा आहे, तरी लिहिते) घर क्र. ३८, श्रमिक गृहवसाहत, सोनगीर रस्ता, धुळे.

विषय : घर बंद असल्याचे समजून वाटप रद्द न करणेबाबत व कायम खरेदीखत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस दि. ५ मे २०२५.
२) बँकेचा कर्जमुक्तीचा दाखला दि. २८ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. वरील विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज करते की, सदर घर आम्हा पतीपत्नीच्या नावे ऑगस्ट २०१६ मध्ये मिळाले. तेव्हा घरात पाच माणसे होती, आज चार आहेत. मी, माझे यजमान नवल झुलाल भदाणे (मोटारी रिवाइंडिंग करण्याच्या दुकानात कामाला), सासूबाई भिकुबाई व मुलगी हेमांगी, इयत्ता बारावी. घरासाठी बँकेकडून पंधरा वर्षांचे कर्ज घेतले होते. ते आम्ही साडेआठ वर्षांत फेडले. दाखला सोबत जोडला आहे.

२. दाखला घेऊन मी मार्च महिन्यात खरेदीखतासाठी आपल्या कार्यालयात आले. पेढ्यांचा पाव किलोचा पुडा आणला होता. साडेआठ वर्षांत मिठाईच्या दुकानाची पायरी आम्ही तेव्हा पहिल्यांदा चढलो. आपल्या लिपिकांनी पुडा ठेवून घेतला व फाईल तपासणीस लावली. त्या तपासणीतून खरेदीखताऐवजी नोटीस निघाली. नोटिशीत म्हटले आहे की वाटपाच्या अट क्र. ११ प्रमाणे घरधारकाने सहकुटुंब वास्तव्य करणे बंधनकारक आहे. ज्या घराचा वीजवापर सलग बारा महिने तीस युनिटांच्या खाली आहे ते घर विनावास्तव्य समजण्यात येते. आमचा वापर सलग आठ वर्षे चौदा ते बावीस युनिट आहे. सबब वाटप का रद्द करू नये, याचा खुलासा दि. २२ मे रोजीच्या सुनावणीपूर्वी करावा. हा अर्ज म्हणजे तोच खुलासा आहे.

३. महोदय, युनिटे खरी आहेत. कर्ज त्यांतूनच फिटले आहे.

घर मिळाले त्या आठवड्यात आम्ही पाचही जण ओट्यावर बसलो आणि हेमांगीच्या जुन्या वहीत एक यादी केली. यादीचे नाव "बंद". टीव्ही बंद. फ्रीज घ्यायचा नाही. सोनगीरचा तांब्याचा हंडा आहे, त्यात पाणी गार राहते. गॅस फक्त पाहुण्यांसाठी; एरवी मागच्या अंगणात चूल, आणि जाळायला यजमानांच्या मावसभावाच्या शेतातली कपाशीची वाळकी पऱ्हाटी. वर्तमानपत्र बंद. दोन मोबाईलचा एक केला. चहा बंद करायचा म्हटल्यावर सासूबाई तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, म्हणून सकाळचा एक कप ठेवला, तो गुळाचा. खाण्याला कळण्याची भाकरी आणि तेल-मिरची. वांगी स्वस्त झाली की भरीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्ही पाय पोटाशी घेऊनच झोपलो. दर महिन्याला हप्त्यावर दोन हजार, अडीच हजार, दिवाळीच्या बोनसला सहा हजार, असे मुद्दलात भरत गेलो. बँकेतले साहेब म्हणत, "वहिनी, एवढी घाई कसली? कर्ज काय पळून जातंय का?" मी म्हणे, "साहेब, कर्ज नाही पळत. वय पळतं."

४. सन २०२२ मध्ये वीज कंपनीला आमच्या मीटरचा संशय आला. घरमालक वायरीचे काम जाणणारा आणि युनिटे सोळा, म्हणजे चोरी असणार असे त्यांना वाटले. मीटर काढून नेले, तपासणीचे शुल्क आमच्याकडून घेतले, आणि महिनाभराने लेखी दिले की मीटर अचूक आहे, छेडछाड नाही. त्या दिवशी यजमान रडले. म्हणाले, आपण चोर नाही असं सरकारी शिक्क्यानं लिहून आलं. मी तो कागद देवाच्या फोटोमागे ठेवला. आता तोच कागद आपल्या नोटिशीत पुरावा क्र. २ म्हणून आहे. मीटर अचूक आहे, सबब घर रिकामे आहे, असा त्याचा अर्थ लावला आहे. म्हणजे चोर नाही हे सिद्ध केले तेव्हाच आम्ही या घरातून नाहीसे झालो, असे झाले.

५. आपले निरीक्षक तीन वेळा येऊन गेले, तिन्ही वेळा कुलूप होते, असा शेरा आहे. तारखा १२, १८ व २५ मार्च. वेळ सकाळी अकरा ते साडेअकरा. महोदय, त्या वेळी यजमान दुकानात असतात, मी शाळेत दोनशे मुलांची खिचडी ढवळत असते, हेमांगी कॉलेजात, आणि सासूबाई शहात्तराव्या वर्षी मसाल्याच्या गिरणीत मिरच्यांची देठे खुडायला जातात. सकाळी अकराला कुलूप नसेल असे घर आमच्या लाईनीत एकच आहे, शेजारच्या कोकिळाबाईंचे. त्यांनाच निरीक्षकांनी विचारले.

कोकिळाबाई मनाने वाईट नाहीत. पण आमची काटकसर हा त्यांचा आठ वर्षांचा करमणुकीचा विषय आहे. मला येता-जाता म्हणत, "दिपमाला, तुमना घर मा उंदीर बी डबा लई येस!" म्हणजे उंदीरही येताना स्वतःचा डबा घेऊन येतो. आम्हीही हसायचो. त्याच झोकात त्या निरीक्षकांना म्हणाल्या, "तठे कोन ऱ्हास भाऊ? तठे भूत ऱ्हातस!" निरीक्षकांनी खाली लिहिले : शेजाऱ्यांच्या जबाबानुसार सदर घरात कोणीही राहत नाही. नोटीस वाचून दाखवली तेव्हा कोकिळाबाई आमच्या दारात येऊन बसल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "गंमत मा बोलनू, मनी जीभ जळो व माय." त्यांचे प्रतिज्ञापत्र सोबत आहे. लिपिक म्हणतात, पहिला जबाब उत्स्फूर्त, दुसरा शिकवलेला. ग्राह्य पहिला धरला जातो.

६. दि. ८ मे रोजी आम्ही उभयता आपल्या कार्यालयात हजर झालो. यजमान आयुष्यात कोणाला उलट बोललेले नाहीत. लिपिक म्हणाले, "भाऊ, माणूस राहतो तिथं मीटर फिरतं." यजमान म्हणाले, "साहेब, मीटर फिरू नये म्हणून तर आम्ही एवढी वर्षं अंधारात चाचपडत फिरलो." आधार कार्ड, मतदार यादी दाखवली. सांगितले गेले की त्यावरून पत्ता सिद्ध होतो, वास्तव्य नाही. वास्तव्याच्या पुराव्यांची एक छापील यादी आम्हाला देण्यात आली : केबलची पावती, गॅसच्या वर्षातून किमान सहा टाक्या, वर्तमानपत्राचे बिल, फ्रीज वा तत्सम वस्तूची घरपोच पावती, घरी आलेली पार्सले.

घरी येऊन मी ती यादी आणि आमची "बंद"ची वही शेजारी ठेवली. एकूण एक बाब जुळली. जे जे आम्ही घर वाचवायला सोडले, ते ते घर वाचवायला आज पाहिजे आहे. हेमांगी म्हणाली, "आई, आपण पार्सल मागवू. रिकामं खोकं आलं तरी चालेल." ती हसत म्हणाली आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी नळ बंद कर म्हणाले नाही.

७. माझा एक साधा प्रश्न आहे. सन २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडण्यास कायद्याने बंदी होती. एप्रिल व मे या महिन्यांची आमची युनिटे एकोणीस व एकवीस आहेत, आपल्याच तक्त्यात आहेत. आम्ही या घरात नव्हतो तर कोठे होतो? रस्त्यावर असतो तर पोलिसांनी पकडले असते.

८. नोटीस आल्यापासून आम्ही घाबरून जे केले तेही लपवत नाही. सर्व दिवे भर दुपारी चालू ठेवले आहेत. कोकिळाबाईंनी स्वतःची इस्त्री आणून दिली, ती नुसतीच तापत ठेवतो. दुकानातून जुने पाणी तापवायचे यंत्र आणले. मे महिन्याच्या धुळ्यात पाणी तापवणारे घर दुसरे सापडणार नाही. पंधरा दिवसांत एकशे बारा युनिटे झाली. सासूबाई या खोलीतून त्या खोलीत जातात आणि एकेक बटण बंद करतात. मी मागून जाऊन चालू करते. त्या म्हणतात, "बठ्ठा लावी टाकं, लगीन शे का घर मा?" आज सकाळी मी लिपिकांना ही युनिटे दाखवली. ते म्हणाले, नोटिशीनंतरचा वापर हा बनाव समजण्यात येतो.

महोदय, कमी जाळले तर आम्ही नाही, जास्त जाळले तर आम्ही खोटे. किती युनिटांवर माणूस खरा धरतात ते मला लिहून द्यावे. तेवढीच जाळू.

९. सासूबाईंनी जात्यावर बसून आयुष्य काढले. त्यांना लिहिता येत नाही, ओवी येते. नोटिशीच्या दिवशी त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवून एक म्हटली. ती अर्जात घालावी असा त्यांचा आग्रह आहे :

उंबऱ्या रे उंबऱ्या, तूच सांग साहेबाला
किती पावलांची झीज तुझ्या दगडी देहाला.

ओवी पुरावा होत नाही हे मला कळते. पण त्यांनी खाली अंगठा देते म्हटले, आणि दिला आहे.

१०. आता पुढची गोष्ट. ही लिहिणार नव्हते.

आपल्या तक्त्यात मे २०१९ समोर सतरा युनिट आहेत आणि पुढे शेरा आहे : वापर नगण्य. त्या महिन्यात माझे सासरे झुलालआबा घरी एकटे असत. शेतमजुरी करून थकले होते, हप्त्याला हात लागत नाही याची त्यांना लाज वाटे. समोरच्या खोलीत पंखा होता. यजमानांनी स्वतःच्या हाताने तार भरून बसवलेला, आवाजही करत नसे. आम्ही आबांना पंखा लावू नका असे एकदाही म्हणालो नाही. पण लावा असेही रोज म्हणालो नाही. ते उंबऱ्याशी टेकून बसत आणि म्हणत, "भाहेर वारा फुकट शे, घर मा इकत कसाले?" आम्हाला त्यांचे कौतुक वाटे. चार लोकांत सांगत असू.

दि. २१ मे २०१९ रोजी शाळेला सुट्टी होती, हेमांगी मामाकडे होती आणि मी सासूबाईंबरोबर मिरच्यांवर गेले होते. तीन वाजता परत आलो तेव्हा आबा भिंतीला टेकलेले होते, अंग तव्यासारखे होते. डॉक्टर घरी आले, म्हणाले उष्माघात, तास झाला असेल. मग त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "पंखा बिघडलाय का?" यजमानांनी बटण दाबले. पंखा फिरला.

बटणावर हात आबांचा होता, सवय आम्ही लावलेली होती. ती सतरा युनिटे मी सहा वर्षे मनात मोजते आहे. आपल्या कार्यालयाने ती मोजली आणि घरात कोणी नाही असे लिहिले, म्हणून हे सांगावे लागले.

महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर "मृत्यूचे ठिकाण" या रकान्यात छापले आहे : राहते घर, क्र. ३८, श्रमिक गृहवसाहत. महोदय, माझ्याकडे वास्तव्याचा सरकारी शिक्क्याचा कागद हा एवढा एकच आहे. ज्या घरात कोणी राहत नाही, त्या घरात कोणी मरत नाही. यजमान म्हणाले होते, "घर गेलं तरी चालेल, आबांना साक्षीला उभं करायचं नाही." मी उभे करते आहे. या कलमाची त्यांना कल्पना नाही, म्हणून सही माझी एकटीची आहे. सुनावणीत हा कागद मोठ्याने वाचू नये, एवढी मेहेरबानी करावी.

११. तरी विनंती की, नोटीस मागे घ्यावी व खरेदीखत करून द्यावे. तसे करता येत नसेल तर रात्रीच्या जेवणाच्या वेळी आपण स्वतः घरी यावे. आधी कळवू नये. कळवले तर आम्ही वरणबट्टी करू, आणि तो पुन्हा बनाव ठरेल. जे ताटात असेल ते चौघांत पाचवे करून वाढीन. आणि तेही शक्य नसेल, वाटप रद्दच करायचे असेल, तर आदेशात "घर रिकामे होते" असे लिहू नये. दुसरे कोणतेही कारण लिहावे. मुलगी त्या घरात वाढली आहे, तिने तो कागद पुढे कधी वाचला तर तिला आपण कोठे होतो असा प्रश्न पडू नये.

कळावे.

आपली नम्र, व आजही घर क्र. ३८ मध्येच राहणारी,

(सही)
सौ. दिपमाला नवल भदाणे

भिकुबाई झुलाल भदाणे यांचा डाव्या हाताचा अंगठा (कलम ९ पुरता, कलम १० त्यांना वाचून दाखवलेले नाही)

ठिकाण : धुळे
दिनांक : १९ मे २०२५

सोबत :
१) बँकेचा कर्जमुक्तीचा दाखला, छायांकित प्रत.
२) मीटर अचूक असल्याचा वीज कंपनीचा अहवाल, छायांकित प्रत.
३) शेजारी कोकिळाबाई यांचे प्रतिज्ञापत्र.
४) "बंद" ही वही, पाने १ ते ९.
५) कै. झुलाल दगा भदाणे यांच्या मृत्यूचा दाखला, मूळ प्रत. झेरॉक्सचे दुकान यजमानांच्या दुकानाला लागून आहे, म्हणून प्रत काढता आली नाही. पाहून झाल्यावर कृपया माझ्याच हाती परत द्यावा.