चुना कच्चा नव्हता

प्रिय अँब्रोज,

एकोणीस वर्षांत नाताळच्या कार्डांपलीकडे मी तुला काही पाठवलं नाही. आता हे पत्र बघून तू म्हणशील, म्हातारा गेला वाटतं. नाही रे. बाबा एक्क्याऐंशीचे झालेत, सकाळी खारवलेला मासा अजून लागतोच, आणि गावात कुणी भिंत बांधली की काठी टेकत जाऊन तिला नावं ठेवून येतात.

परवा त्यांना चर्चपाशी घेऊन गेलो होतो. आवाराच्या भिंतीतले तुझ्या हातचे दोन विटांचे खांब अजून ओळंब्यात आहेत. बाबांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असा हात असलेला पोरगा चुन्यात कसा चुकला?" मी घरी आणून त्यांना चहा दिला.

तू चुकला नव्हतास. हे आज सकाळपर्यंत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि बहुतेक तुला. वीट पाणी पिते, गारगोटी पीत नाही, म्हणून गारगोट्यांची भिंत दिवसाला दीड फुटाच्या वर चढवायची नाही, खालचा चुना आधी आवळू द्यायचा. हे आपल्याला बोलता येण्याआधीपासून बाबांनी ऐकवलंय. त्या शनिवारी तू आदल्या दिवशी चुना मळून ठेवून तापाने पडला होतास, बाबा दुसऱ्या कामावर होते, आणि मला दुपारच्या बसने हेटीला क्रोमरला फिरवायचं होतं. सोमवारचंही काम मी शनिवारीच उरकलं. तुझ्या खांबांच्या मधे गारगोट्यांची भिंत चांगली साडेतीन फूट चढवली आणि शिट्टी वाजवत निघालो. त्या हेटीने पुढे लग्न केलं ते एका खाटकाशी, हेही माझं नशीब!

रविवारी प्रार्थनेला लोक येत असतानाच भिंतीने पोट काढलं आणि ती सगळ्या गावादेखत वाटेवर आडवी झाली. बाबांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो की दीड फूटच चढवली होती, अँब्रोजने मळलेला चुनाच कच्चा होता. ढिगाऱ्यात उंची कोण मोजणार? तू अंगात ताप घेऊन उभा होतास. बाबा म्हणाले, "तुझ्या हातचा चुना यापुढे माझ्या भिंतीला नको." तू माझ्याकडे बघितलंस, मी माझ्या बुटांकडे. महिन्याभरात तू पीटरबरोच्या वीटभट्टीवर गेलास. तू तोंड उघडलं नाहीस, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. काठी पाठीत बसेल असं वाटलं होतं, बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "त्याला ये म्हणून लिहू नकोस. मी कधी येऊ, ते विचार." जन्मात नॉरिचच्या पलीकडे न गेलेला माणूस! तेव्हा विचारतो, कुठल्या दिवशी आणू त्यांना? नको म्हणालास, तर तेही मी त्यांना वाचून दाखवीन, या वेळी माझ्या पदरचं काही न घालता.

तुझाच धाकटा,
सायलस