मागच्या खोलीतल्या माश्या

३ मार्च
आले एकदाची! एक ट्रंक, दोन पिशव्या आणि ही कोरी वही. घर टुमदार आहे, माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी. बाई निवृत्त शिक्षिका, जीवशास्त्र शिकवायच्या. घरातल्या फोनवरून ताईला पोहोचल्याचं कळवलं. किडे सांभाळायची नोकरी असते आणि ती मला मिळाली, हे तिला अजून खरं वाटत नाही. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी मी!

५ मार्च
प्रार्थनाकीटकांशी, म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणाऱ्या त्या हिरव्या किड्यांशी, ओळख झाली. एकशेबारा बरण्या आणि प्रत्येकीत एकच किडा, कारण दोन ठेवले तर संध्याकाळपर्यंत एकच उरतो. बरणीच्या तोंडाला जाळीचं कापड, आत एक काडी. कात टाकताना ते तिला उलटे लटकतात. सकाळी पाण्याचा फवारा, मग प्रत्येकाला दोन माश्या. मी चालू लागले की सगळे माना वळवून बघतात, नव्या सुनेकडे बघावं तसे.
माश्या बाई स्वतः आणतात. बरण्यांच्या खोलीला लागूनच मागची खोली आहे, तिथे मटणाच्या छाटावर, म्हणजे खाटकाकडच्या टाकाऊ तुकड्यांवर, त्या वाढवतात. ते दार मी उघडायचं नाही, माश्या सुटतील, एवढीच ताकीद.

९ मार्च
आज बाईंनी जोडी लावली. मादीनं नराचं डोकं खायला घेतलं, तरी तो तिला धरूनच. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तो पळत नाही, बघ. कधी सुरुवात झाली हे त्याला कळतच नाही.”
मला जेवण गेलं नाही.
माझ्याआधी एक मदतनीस होती. ती एके दिवशी न सांगता निघून गेली, म्हणे. तिचा चष्मा माझ्या टेबलाच्या खणात सापडला. भिंगं बाटलीच्या बुडासारखी जाड. असा चष्मा विसरून कुणी फाटकापर्यंत तरी जाईल का?

१३ मार्च
भाजी आणायला गेले होते. बाईंची खेप वाचावी म्हणून खाटकाकडे डोकावले. तो म्हणाला, बाई पूर्वी रोज छाट न्यायच्या, पण महिना झाला, फिरकल्याच नाहीत. शाकाहारी झाल्या असतील, असं म्हणून स्वतःच हसला.
माश्या मात्र रोज बरणीभर येताहेत. निळ्या, गुबगुबीत.

१४ मार्च
सहज विचारल्यासारखं विचारलं, मटण कुठून आणता. म्हणाल्या, खाटकाकडूनच, कालच आणलं. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.
आधीची मदतनीस कधी गेली, तेही विचारलं. महिना झाला, म्हणाल्या.

१६ मार्च
अंडी फुटली. दोनशेच्या वर पिल्लं, एकेक पापणीच्या केसाएवढं. बाई हरखून गेल्या. ही मोठी झाली की माश्या दुप्पट लागतील, आहे ते पुरायचं नाही, म्हणाल्या. बोलताना माझ्या दंडाकडे बघत होत्या.
दुपारी त्या मला पेलाभर दूध देतात. ते प्यायलं की मेल्यासारखी झोप लागते. आज चव कडवट होती. कुंडीत ओतलं.

१७ मार्च
आजही ओतलं. म्हणून दुपारभर जागी होते. म्हणून ऐकू आलं. मागच्या खोलीत कुणीतरी कण्हत होतं. थांबून थांबून.
बाई म्हणाल्या, मांजर असेल.
घरात मांजर नाही. उद्या जाते.

१८ मार्च, सकाळ
ट्रंक टाकून, फक्त ही वही घेऊन जायचं ठरवलं. शेवटचा फवारा मारत होते, तेवढ्यात बाहेर फोन वाजला. बाईंनी घेतला. ताईच होती — बाई तिला म्हणाल्या, “ती कालच निघून गेली हो. न सांगता.”
मग बरण्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी —

अकरा वाजले. ओरडून घसा बसला. खिडकीला गज. बाहेर पावलं नाहीत, भांड्याचा आवाज नाही. बाई कुठे गेल्या —

मागच्या खोलीचं दुसरं दार अंगणात उघडतं. तोच एक रस्ता. वास आला तरी, काहीही दिसलं तरी थांबायचं नाही. सरळ पलीकडे —

कडीला हात लावला. आतून कुणी बोललं. बाईमाणसाचा आवाज, अगदी क्षीण. तीच, चष्मेवाली. जिवंत आहे — महिनाभर जिवंत —
म्हणाली, उघडू नकोस, बाई दाराशीच उभ्या आहेत, तुझी वाट —

कडी आपोआप