सहा गाईंचा परवाना

३ मार्च, पहाटे ५.४०
दूध निरीक्षक म्हणून पहिली तपासणी. ठराव : कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. सुरुवात, सगळं गाव जिला मावशी म्हणतं तिच्या गोठ्यापासून. सहा गाई. फरशी धुतलेली, भांडी लख्ख. इतकी स्वच्छता कोण उगाच ठेवतं?

धार काढल्याबरोबर बादलीत लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी, सोडला. मावशी म्हणाली, साहेब, फेस बसू द्या, दूध निवू द्या, मग बघा. म्हणजे तिला वेळ हवा होता. दिला नाही. आकडा २४. हवा किमान २८. पाणी. धार माझ्यासमोरच काढली होती; पाणी कधी घातलं ते दिसलं नाही. हात सराईत.

दुपारी
नमुना प्रयोगशाळेला. विक्रीबंदीची नोटीस बजावली. परवाना महिनाअखेर संपतो. माझ्या शेऱ्याशिवाय नवा मिळणार नाही. मावशी म्हणाली, तेवढी नोटीस गाईंनाही वाचून दाखवा, म्हणजे चारा मागणार नाहीत. उद्धटपणाची नोंद केली.

७ मार्च
आज कासेला डोळा लावून बसलो. पापणी लवू दिली नाही. तरी २४. एकटीचं काम नाही हे. गाय सामील असावी, असं लिहून खोडलं. लाथ मात्र बसली.

१२ मार्च
प्रयोगशाळेचा अहवाल : दूध शुद्ध. अहवाल लिहिणारा दुधाचा चहा पितो, असं कळलं. कोणाचं दूध? घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, चहा तुम्हीही पिता. विषय वाढवला नाही. घरावरही लक्ष हवं. नोटीस कायम.

१९ मार्च
पदरमोड करून दुसरा लॅक्टोमीटर आणला. धारोष्ण दुधात तोही २४. साक्षीदार दोन झाले.
मावशीने दोन गाई विकल्या म्हणे. पुरावा नष्ट करणं याला म्हणतात.

२६ मार्च
मोठे साहेब स्वतः गोठ्यावर. ताज्या धारेत माझ्या हाताने मोजलं : २४. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बादली गार पाण्यात ठेवायला लावली आणि तासभर पेपर वाचला. तेच दूध, तोच लॅक्टोमीटर : २९. दूध निवल्यावर मोजतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगितलं होतं, पण संशयित व्यक्तीने.

३१ मार्च
नवा परवाना मीच नेऊन द्यायचा, असा हुकूम. मावशीने सही केली. परवाना घेऊन लगेच पाठ फिरवली. घाबरली असावी. विक्री बंद असताना दूध कुठे गेलं, हे विचारणं माझं कर्तव्य होतं. विचारलं. ती मला गोठ्यामागे घेऊन गेली. चार वासरं.

"सगळं यांनीच प्यायलं. आता बघून सांगा साहेब, यातलं कुठलं पाण्यावर वाढलंय?"

चष्मा पुसला. चारही वासरं नीट पाहिली. शेरा लिहिता आला नाही.