भावोजींची खाज थांबली

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर मी 'सगळं ठीक आहे' म्हणाले आणि तू सुटकेचा निःश्वास सोडलास. तो मला ऐकू आला, म्हणून लिहायला बसले. हे फोनवर जमणार नाही. तू मध्येच 'अगं ताई' करशील आणि मी तुझ्यावर खेकसून विषय संपवीन. कागद मध्ये बोलत नाही.

तुझ्या भावोजींची खाज थांबली, ही बातमी मात्र खरी आहे.

त्यांची खाज लिव्हरच्या आजारातूनच आलेली, पण लिव्हर म्हटलं की लोक हळहळतात, खाज म्हटलं की हसतात. पोटात दुखतंय म्हणाले असते तर शेजारच्या वकीलबाई सूप घेऊन आल्या असत्या. खाज म्हटल्यावर त्यांनी साबण बदलायला सांगितलं! जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर कपडा नीट बसवलेल्या या शिंप्याला स्वतःच्या अंगावर सदरा सहन होईना. गिऱ्हाईक समोर असलं की दात आवळून माप घ्यायचे, ते वळलं की लाकडी पट्टी पाठीत घालायचे. पट्टीवरचे आकडे झिजून गेले. लेक म्हणायची, "बाबा, अगदी अस्वल झालात." बाप हसायचा. तिच्यासमोरच हसायचा, एरवी नाही.

तू आलास तेव्हा जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून समजावलं होतंस, आठवतं? कातडीपासून निघालेली खाज पाठीच्या कण्यात येते, तिथे काही पेशींवर एक रिसेप्टर असतो, दारावरच्या घंटेच्या बटणासारखा. बटण दाबलं गेलं की निरोप मेंदूत जातो. तुमच्या प्रयोगशाळेत ज्या उंदरांच्या कण्यातल्या त्या पेशी तुम्ही काढून टाकल्या, ते खाजवेनासे झाले. चिमटा मात्र पूर्वीसारखाच लागायचा. म्हणजे खाज ही दुखण्याची धाकटी बहीण नव्हे, तिची वाट वेगळी. ते ऐकून तुझे भावोजी किती खूश झाले! दोन वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांची खाज खरी मानली होती. लेक म्हणाली, "उंदीरमामा, व्याख्यान पुरे, औषध काढा." आणि हे म्हणाले, "माझी घंटा तेवढी काढून टाका, शालक महाराज. दार वाजलं नाही तरी चालेल."

तेव्हा तू चमचे गोळा करत म्हणालास की इतकं सोपं नाही. तेच बटण पोटात आहे, स्वादुपिंडात आहे, मेंदूतही आहे. निरोगी माणसात ते आपापली कामं करतं. काही गाठींवर मात्र त्याची गर्दी होते, इतकी की डॉक्टर त्या गर्दीवरून गाठ हुडकतात. एका जागी बंद करायला जावं तर दुसरीकडे काय बिघडेल, ते आधी पाहावं लागतं. मला पटलं. आम्ही कॉलेजात बेडूक फाडले, मार्क मिळवले, पण ते बटण दाबणाऱ्या रसायनाचा भाऊबंद बेडकाच्याच कातडीत सापडला, हे मला तुझ्याकडून कळलं. पटलं, तरीही प्रत्येक फोनला मी 'झालं का तुमचं औषध?' असं दरडावत राहिले.

आणि औषधाशिवायच खाज थांबली. ते गाढ झोपू लागले. पट्टी खिळ्याला परत लागली. लेकीने, सहावा महिना असताना, घरभर उड्या मारल्या. मीच तिला ओरडले.

मग त्यांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या बसवल्या. गिऱ्हाईक हसलं, हेही हसले. दुपारी कात्री हातात घेऊन डुलक्या काढू लागले. मी रिपोर्ट घेऊन एकटीच डॉक्टरांकडे गेले. खाज थांबल्याचं सांगितलं, तर त्यांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाले, "बाई, कधी कधी लिव्हर इतकं थकतं की खाज उठवणारं जे बनवत होतं, तेही बनवेनासं होतं. रक्तातली घाण मग डोक्यात चढते, म्हणून ते गोंधळतात, पेंगतात." म्हणजे घंटा जागेवरच आहे रे. ती दाबणाऱ्या हातातलं बळ गेलं.

त्यांना हे सांगितलेलं नाही. काल न राहवून मी त्यांच्या पाठीवरून नखं फिरवली. "अगं, आता नाही खाजत," म्हणाले, आणि इतक्या आनंदाने म्हणाले की मला तिथून उठून जावं लागलं.

आता मुद्द्यावर येते. दुसऱ्याचं लिव्हर मिळण्याच्या यादीतला आमचा नंबर वेळेत लागेल असं डॉक्टरांना वाटत नाही. माझा रक्तगट जुळत नाही, लेकीला या दिवसांत विचारताही येत नाही. तुझा जुळतो. मागच्या खेपेला स्वयंपाकघरात तू आपणहून म्हणाला होतास की लिव्हरचा तुकडा दिला तरी ते पुन्हा वाढतं. मी हातातलं भांडं आपटून म्हणाले होते की माझ्या भावाच्या पोटावर सुरी फिरू देणार नाही, पुन्हा बोललास तर या घरात पाऊल टाकू नकोस. ते शब्द मी परत घेते. आजवर तुला हुकूमच सोडत आले, मागितलं कधी काही नाही, त्यामुळे कसं मागतात ते मला नीट येत नाही. येशील का? आधी बायकोशी बोल, मग उत्तर दे. 'नाही' असेल तर तेवढाच एक शब्द कळव, कारण लिहू नकोस. तुझ्या बाजूची सगळी कारणं मीच शोधून ठेवली आहेत, आणि ती सगळी रास्त आहेत.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच,
ताई